दादा बोलत नाही, म्हणून त्याची तक्रार लिहून घेतली जात नाही

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. आयुक्त, दिव्यांग कल्याण आयुक्तालय, पुणे

विषय : निवासी संस्थांमधल्या प्रौढ स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्तींची सुरक्षितता आणि आईबापांमागे त्यांची सोय

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. आता वय ६४. माझा मुलगा २८ वर्षांचा आहे. धाकट्या बहिणीमुळे घरात सगळे त्याला दादा म्हणतात, मीही दादाच म्हणतो. दादा स्वमग्न आहे. बोलत नाही म्हटलं तरी चालेल. चार-पाच शब्द आहेत त्याच्याकडे : पाणी, गाडी, नको, आणि आईला मारायची हाक. आई चार वर्षांपूर्वी गेली. हाक अजून आहे.

मागच्या वर्षी माझी बायपास करायची ठरली. डॉक्टरांनी बजावलं, नंतरचे सहा आठवडे धावपळ नाही, ओढाताण नाही. दादाचं वजन तेव्हा ७८ किलो होतं. घाबरला की तो धावत सुटतो आणि मला त्याच्या मागे धावावं लागतं. मुलगी सासरी, तिचं बाळ चार महिन्यांचं. नातेवाइकांनी फोनवरून विचारपूस केली. पुष्कळ चौकशी केल्यावर शेजारच्या जिल्ह्यात एका निवासी संस्थेत जागा मिळाली. तिचं नाव लिहीत नाही. या पत्रात मला जे मागायचं आहे ते एका संस्थेपुरतं नाही. नोंदणीचा दाखला भिंतीवर होता, अंगण झाडलेलं होतं, आत प्रार्थना चालू होती. मी सही केली.

भरती करताना मी दोन पानं लिहून दिली होती. दादाचं सगळं त्यात होतं. आधी भात, भात संपल्यावर वरण, दोन्ही एकमेकांना लागलेलं चालत नाही. मिक्सर सुरू करण्याआधी त्याला सांगावं. पाठीमागून हात लावू नये. पोटात दुखायला लागलं की टाचा उचलून चवड्यांवर चालतो, तेव्हा ओवा द्यावा. कान झाकून बसला तर त्याला उठवू नये, दहा मिनिटांनी आपण होऊन उठतो.

४१ दिवसांनी आणायला गेलो. दादा नऊ किलोंनी उतरला होता. दोन्ही पोटऱ्यांवर मागच्या बाजूला वळ होते, काही ताजे, काही काळे पडलेले. विचारलं तर म्हणाले, "तो स्वतःलाच मारून घेतो, काका." दादा स्वतःला मारून घेतो हे खरं आहे. उजव्या तळहाताने कपाळावर मारतो, २५ वर्षं मी ते बघतोय. पोटरीवर त्याने कधी मारून घेतलेलं नाही, आणि तळहाताने असे लांब वळ उठतही नाहीत. मी दिलेली दोन पानं ऑफिसातल्या फाइलमध्ये होती, मी घडी घातली होती तशीच.

घरी आल्यावर पहिलं जेवण वाढलं. दादा जेवायला पाऊण तास लावणारा माणूस. त्या दिवशी त्याने डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा ठेवला, मान खाली घातली आणि वरण-भात एकत्र कालवून दोन मिनिटांत संपवला. मग रिकामं ताट पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून बसला. रात्री कपडे बदलताना माझ्या पट्ट्याचं बकल वाजलं, तर तो पलंगाखाली शिरला. २८ वर्षांचा माणूस पलंगाखाली मावत नाही, महोदय. अर्धा बाहेर होता.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार माणूस म्हणून चांगला होता. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मग म्हणाला, "मारताना तुम्ही पाहिलं का? साक्षीदार कोण? मुलगा जबाब देईल का?" तिन्ही प्रश्नांचं उत्तर नाही असंच होतं. अर्ज घेतला, पोच दिली. महिन्याभराने कळलं की संस्थेने "असा कोणताही प्रकार घडलेला नाही" असं लिहून दिलं आणि चौकशी तिथेच संपली. दादाला बघायलासुद्धा कोणी आलं नाही. वळ तोवर गेले होते.

माझी मुख्य तक्रार ही आहे. दादा बोलत नाही, पण सांगतो. त्याने ताटावर सांगितलं, पट्ट्याच्या आवाजावर सांगितलं, नऊ किलो वजनाने सांगितलं. हे सांगणं लिहून घेणारा कागद तुमच्या कुठल्याही कार्यालयात नाही. तुमची प्रत्येक पद्धत, तक्रारीपासून तपासणीपर्यंत, समोरचा माणूस तोंडाने बोलेल असं धरून चालते. आणि ज्यांच्यासाठी हा विभाग आहे त्यांच्यातले कितीतरी जण बोलत नाहीत.

कायदा नाही असं मी म्हणणार नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा मी आता पानन् पान वाचला आहे. त्याचं कलम ७ छळ, हिंसा आणि शोषणाबद्दल आहे. असा प्रकार घडल्याची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो आणि त्याने पावलं उचलायची आहेत. पोलिसांवरही याच कलमाने जबाबदारी टाकली आहे : तुम्हाला दंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येते, मोफत कायदेशीर मदत मिळू शकते, हे त्यांनी आपण होऊन सांगायचं असतं. कलम ९२मध्ये सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे मला ना ठाण्यात सांगितलं गेलं, ना तुमच्या जिल्हा कार्यालयात. पुण्यातल्या एका पालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं.

तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी असतात, म्हणून कलमाची प्रत घेऊन तहसील कचेरीत गेलो. अव्वल कारकून म्हणाले, "हे आमच्याकडे येत नाही, समाजकल्याणला जा." मी कलम दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले की हे आपण पहिल्यांदाच बघतोय. त्यांचा मला राग नाही. याच कायद्याच्या कलम ४७प्रमाणे पोलीस, प्रशासकीय अधिकारी, न्यायाधीश या सगळ्यांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांचे हक्क शिकवायचे आहेत. ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, पोचवणं हे काम आपल्या विभागाचं होतं.

आता वयाचं. तुमच्या कार्यालयातल्या बाईंनी माझा अर्ज बघून पहिला प्रश्न विचारला, "मुलाचं वय काय?" २८ म्हटल्यावर म्हणाल्या, "मग बालकल्याण समितीकडे नाही जाता येणार." त्यांचं बरोबर होतं. दादा सतरा वर्षांचा असता तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाला फोन करता आला असता, बालकल्याण समितीसमोर उभं राहता आलं असतं. लैंगिक अत्याचाराचा संशय असता तर पोक्सो कायद्याने, कळूनही गप्प बसणारा माणूससुद्धा दोषी ठरला असता, आणि जबाब घेताना विशेष शिक्षकाची मदत मिळाली असती. प्रौढांसाठी घरी येऊन, विशेष शिक्षकासमोर तक्रार नोंदवण्याची सोय नव्या फौजदारी संहितेत आहे, पण ती ठरावीक गुन्ह्यांपुरती. पट्ट्याने मारणं त्यात बसत नाही. अठरावा वाढदिवस झाला त्या दिवशी दादात काय बदललं? त्याची आई केक आणायला गेली होती, तो पंख्याखाली उभा राहून पाती मोजत होता. दुसऱ्या दिवशीही तो तसाच उभा होता. फक्त सरकारच्या लेखी तो आता स्वतःची काळजी स्वतः घेणारा झाला होता.

मुलांसाठीची व्यवस्थासुद्धा आपोआप आलेली नाही, हे तुमच्या विभागाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २०१०मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहात मुलं उपासमारीने दगावल्याच्या बातम्या आल्या आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच सुमारास कळंबोलीच्या निवासी संस्थेतल्या मतिमंद मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले. २०१३मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवलं. त्या वेळी मी नोकरीत होतो. दादा बारा-तेरा वर्षांचा होता. बातमी वाचून त्याची आई रात्रभर बसून राहिली आणि पहाटे म्हणाली, "आपण याला कुठेही ठेवायचं नाही. कधीच नाही." मी हो म्हटलं होतं.

तेव्हा वसतिगृहात असलेली ती मुलं आज पंचविशी-तिशीत असतील. ती कुठे आहेत, कोण त्यांना जेवू घालतं, कोण त्यांच्या पोटऱ्या तपासतं? आपण या मुलांची यादी ठेवली आहे का? असेल तर प्रसिद्ध करायची गरज नाही, ती आहे एवढं सांगा.

अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी १२३ बेवारस दिव्यांग मुलांच्या नावापुढे स्वतःचं नाव लावलं. अठरा पूर्ण झाल्यावर या मुलांना बाहेर काढू नका, जिथे वाढली तिथेच आयुष्यभर राहू द्या, ही त्यांची मागणी कितीतरी जुनी आहे. २०२४ला त्यांना पद्मश्री मिळाली, आम्हा पालकांना घरचं कार्य झाल्यासारखा आनंद झाला. पण पुरस्कार मिळाला आणि मागणी तिथेच राहिली. सज्ञान झाला म्हणून कोणी वेडसर (हा शब्द आमच्या गावचा, माझा नाही), न बोलणाऱ्या मुलाला रस्त्यावर सोडणार नाही हे मला माहीत आहे. पण कायद्यात जागा नसली की ते एखाद्या माणसाच्या चांगुलपणावर चालतं, आणि शंकरबाबा प्रत्येक जिल्ह्यात नाहीत.

बदलापूरला पालकांनीच एकत्र येऊन ‘आधार’ ही संस्था उभी केली. तिथे प्रौढ मतिमंद मुलं कायमची राहतात. मी बघून आलोय. तिथे शनिवार-रविवारी पालक येतात-जातात आणि मला वाटतं खरी तपासणी तीच. ज्या घरात आईबाप केव्हाही येऊ शकतात तिथे वळ लपत नाहीत. मी जिथे दादाला ठेवलं तिथे "मुलांना सवय मोडते" म्हणून पहिला महिनाभर भेट बंद होती. हा नियम कुठल्या शासन निर्णयात आहे, हे मला आपल्याकडून लेखी हवं आहे.

तिथल्या काळजीवाहकाबद्दलही लिहिलं पाहिजे, नाही तर हे पत्र अर्धवट राहील. दादाला परत आणायला गेलो तेव्हा मी त्याच्याशी बोललो. चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा, बाहेरच्या तालुक्यातून आलेला. रात्री २६ जणांना तो एकटा. पगार चार महिने थकलेला. स्वमग्नता हा शब्द त्याने ऐकला नव्हता, दादा मस्ती करतो असंच त्याला वाटायचं. कान झाकून खाली बसणं म्हणजे मस्ती, ताट ढकलणं म्हणजे मस्ती. त्यानेच मारलं का, मला माहीत नाही. मारणाऱ्याला शिक्षा व्हावी, हे मी ठामपणे म्हणतो. पण ज्याला काही शिकवलं नाही, ज्याच्या हाताखाली कोणी दिलं नाही, अशा पोराच्या हवाली माझा मुलगा करणाऱ्या व्यवस्थेलाही जाब विचारायला हवा.

कागदपत्रांचं थोडक्यात लिहितो, कारण यावर सगळ्याच पालकांनी लिहिलेलं आहे. दादाच्या पहिल्या दाखल्यावर "मतिमंद" असं होतं, कारण तो १९९५च्या कायद्याप्रमाणे मिळाला आणि त्या कायद्यातल्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आले, तेव्हा नवा काढला. तो तात्पुरता दिला. मुदत संपली की पुन्हा ती रांग, पुन्हा तो लोखंडी बाकांचा आवाज, पुन्हा लोक बघताहेत आणि दादा कपाळावर मारून घेतोय. २८व्या वर्षी स्वमग्नता बरी झाली का, हे तपासायला त्याला हे का सोसायला लावायचं?

दुसरं म्हणजे पालकत्व. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने आईबापसुद्धा त्याचे पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचा दाखला घ्यावा लागतो. आमच्या अर्जाला १४ महिने लागले, समितीची बैठकच होईना. त्या १४ महिन्यांत बँकेने दादाच्या खात्याला हात लावू दिला नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात हे चाललं होतं.

आणि पैसा. एसटीवाल्याची ईपीएसची पेन्शन किती असते ते आपण आपल्या ड्रायव्हरला विचारा, त्याच्या घरात नक्की कोणी तरी एसटीत असेल. २०१६च्या कायद्याच्या कलम २४मध्ये जास्त मदतीची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे, ज्यांना घर किंवा आधार नाही त्यांच्यासाठी सोयी करायलाही सांगितलं आहे. कलम लिहून झालं, आता कार्यवाही हवी.

माझ्या मागण्या अशा :

१. प्रत्येक निवासी संस्थेत भरती करताना आणि सोडताना सरकारी डॉक्टरकडून अंग, वजन आणि जखमा तपासून नोंद व्हावी, आणि मध्ये दर महिन्याला वजन लिहिलं जावं. एक वही आणि एक वजनकाटा लागतो.

२. जो बोलू शकत नाही त्याच्याबाबत, घरच्यांनी सांगितलेला वागण्यातला बदल चौकशी सुरू करायला पुरेसा मानावा. चौकशी अधिकाऱ्याने ७२ तासांच्या आत, विशेष शिक्षकाला सोबत घेऊन, त्या व्यक्तीला प्रत्यक्ष बघावं. संस्थेचं लेखी उत्तर आलं म्हणून प्रकरण बंद करू नये. गृह विभागाशी बोलून तसं परिपत्रक काढा.

३. कलम ७ची माहिती मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक पोलीस ठाण्यात, तहसील कचेरीत आणि निवासी संस्थेच्या दारावर लावा. खाली तहसीलदारांचा फोन क्रमांक.

४. पालकांची भेट कोणत्याही कारणाने बंद ठेवता येणार नाही. तपासणी न कळवता व्हावी, तपासणी पथकात किमान एक पालक असावा, तोही दुसऱ्या जिल्ह्यातला. अहवाल संकेतस्थळावर टाकावा. कलम ५०प्रमाणे नोंदणी लागते, त्या नोंदणीचं नूतनीकरण या अहवालावर ठरावं.

५. रात्री किती जणांमागे किती काळजीवाहक, हा आकडा ठरवा आणि त्यांचा पगार दर महिन्याला होईल असं बघा. तीन दिवसांचं का होईना, पण स्वमग्न माणूस काय काय कशाकशाने सांगतो याचं प्रशिक्षण द्या. शिकवायला आम्ही पालक येऊ, मानधन नको.

६. प्रत्येक जिल्ह्यात प्रौढांसाठी दिवसाचं एक केंद्र आणि एक छोटं घर, दहा-बारा जणांचं. त्यात दोन खाटा आमच्यासारख्या अडल्यानडल्यांसाठी राखीव. आई दवाखान्यात, बाप ऑपरेशनला, बहिणीचं बाळंतपण, या दिवसांत दादाला कुठे ठेवायचं याचं उत्तर माझ्या जिल्ह्यात आज नाही. त्याची कर्मशाळा वयाच्या अटीमुळे सुटली, तिथे तो कागदी पिशव्या करायचा, कडा एका रेषेत. मुंबईत जुहूला असेच प्रौढ ‘कॅफे अर्पण’ चालवतात. तालुक्याला कॅफे नको, एक खोली आणि एक शिक्षक द्या. स्थानिक संस्थांकडे दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखीव असतो, तो यासाठी वापरता येईल.

७. अठरा पूर्ण झालेल्या अनाथ दिव्यांगांना आहे तिथेच राहू द्यायची तरतूद करा.

८. प्रौढ स्वमग्नांना कायमस्वरूपी दाखला. स्थानिक स्तर समितीची बैठक महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. काळजीवाहक भत्ता सुरू करा.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. असा विभाग करणारं हे देशातलं पहिलं राज्य, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्या दिवशी मी पेपरातलं ते कात्रण दादाच्या दाखल्याच्या फाइलमध्ये लावून ठेवलं, ते अजून आहे. मला या विभागावर विश्वास ठेवायचा आहे, दुसरा विभाग माझ्याकडे नाही.

दादा आता बराच सावरला आहे. वजन पाच किलो भरून आलं. भात आणि वरण पुन्हा वेगळं खातो. पट्टा मी वापरायचा सोडला, नाडीची पँट घालतो. रोज संध्याकाळी आम्ही स्टँडवर जाऊन बसतो. गाडी सुटताना वाहक दोनदा घंटी मारतो, ती ऐकली की दादाचे खांदे खाली येतात. जुने सहकारी ओळखतात, कोणी मुद्दाम आणखी एकदा वाजवतात.

डॉक्टरांनी सांगितलंय, एक झडप अजून बघावी लागेल. कदाचित वर्षभरात. तेव्हा दादाला कुठे ठेवू, हे मला आपण सांगायचं आहे.

उत्तर लेखी द्यावं ही विनंती. भेटीला बोलावलंत तर पुण्याला किंवा मुंबईला, कुठेही येऊ, पण मी दादाला घेऊनच येणार. त्याला घरी बघायला कोणी नाही, आणि आपणही त्याला एकदा भेटावं. वेळ सकाळची द्या, गर्दी नसते. आम्ही पहाटेच्या पहिल्या गाडीने निघू, त्या गाडीला दादाला खिडकी मिळते.

आपला नम्र,
दादाचा बाप
(निवृत्त वाहक, राज्य परिवहन)